स्थानक तगवणारी मालवाहू यानं



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. रॉकेट कसं उडतं हे सांगून झालं की ते मुलांना विचारायचे, "वर गेलं. आता पुढे काय?" आजचं व्याख्यान त्या प्रश्नाला धरून आहे. उड्डाणाबद्दल मी थोडंच बोलेन. उड्डाणानंतर वर राहणाऱ्या माणसांच्या पोटापाण्याचं, हवेचं, इंधनाचं, कपड्यालत्त्याचं काय होतं, त्याबद्दल अधिक बोलेन.

भारत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारणार आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याच्या पहिल्या मॉड्यूलला मंजुरी दिली. ते २०२८ मध्ये वर पाठवायचं आणि २०३५ पर्यंत पाच मॉड्यूलांचं पूर्ण स्थानक उभं करायचं, असा इस्रोचा आराखडा आहे. या बातमीनं मला मनापासून आनंद झाला. तरी तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. स्थानक वर नेणं हे काही वर्षांचं काम. ते तगवणं हे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं काम, आणि ते बहुतांशी माणसाविना जाणारी मालवाहू यानं करतात. त्यांच्यावर कोणी फुलं उधळत नाही. पण ती नसली तर काय होतं, हे या सभागृहातल्या साठी ओलांडलेल्यांनी आपल्या लहानपणी किंवा तरुणपणी अनुभवलेलं आहे.

आठवा १९७९ चा जुलै महिना. स्कायलॅब पडणार, आपल्याच डोक्यावर पडणार, म्हणून गावोगावी घबराट होती. ११ जुलैला ते हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकडे होऊन पडलं, आणि आपण सुटकेचा श्वास टाकला. भीती आठवते, पडण्याचं कारण मात्र फारसं कोणाला आठवत नाही. स्कायलॅब हे अमेरिकेचं पहिलं स्थानक, मे १९७३ मध्ये सोडलेलं. तीन तुकड्यांना पुरेल इतकं अन्नपाणी त्यात पहिल्याच दिवशी भरून दिलं होतं. तिसरी तुकडी फेब्रुवारी १९७४ मध्ये परतली आणि घर रिकामं झालं. त्यात नवं सामान नेऊन भरणारं यान अमेरिकेकडे नव्हतं. स्थानकाला पुन्हा वर ढकलेल असं इंजिनही त्यावर नव्हतं. स्पेस शटल तयार झालं की ते जाऊन ढकलेल, अशी आशा होती. दरम्यान सूर्यावरच्या घडामोडी वाढल्या, वरचं विरळ वातावरण तापून फुगलं, घर्षण वाढलं आणि स्कायलॅब अंदाजापेक्षा लवकर खाली आलं. शटलचं पहिलं उड्डाण झालं एप्रिल १९८१ मध्ये. पावणेदोन वर्षं उशीर झाला होता.

त्याच काळात सोव्हिएत रशियानं दुसरी वाट धरली. सप्टेंबर १९७७ मध्ये सोडलेल्या सॅल्यूत-६ या स्थानकाला त्यांनी दोन दारं ठेवली. पुढचं माणसांच्या यानासाठी. मागच्या दाराला इंधनाच्या नळ्या जोडायची सोय होती. २० जानेवारी १९७८ रोजी प्रोग्रेस-१ सुटलं आणि दोन दिवसांनी त्या मागच्या दाराला येऊन लागलं. आत माणूस नव्हता. सुमारे २.३ टन सामान होतं, त्यातलं जवळपास एक टन इंधन. स्थानकावर रोमानेन्को आणि ग्रेचको होते. या रसदीच्या बळावर ते दोघे ९६ दिवस वर राहिले. तोवर इतके दिवस कोणीच राहिलं नव्हतं. पुढे सॅल्यूत-६ कडे एकूण बारा प्रोग्रेस यानं गेली. माझ्या मते अंतराळातली मुक्कामी वस्ती त्या जानेवारीत सुरू झाली. त्याआधीची स्थानकं म्हणजे शिदोरी बांधून केलेले प्रवास होते.

यात आपला एक धागा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ वर गेले. पुढच्या दाराला आधीच्या तुकडीचं यान लागलेलं होतं. पाहुण्यांसाठी उरलं मागचं दार, आणि तिथे फेब्रुवारीपासून प्रोग्रेस-१९ हे मालवाहू यान उभं होतं. मार्चअखेर ते सुटलं, वातावरणात शिरून जळून गेलं आणि जागा मोकळी झाली. ४ एप्रिलला आपल्या माणसाला घेऊन आलेलं सोयूझ त्याच दाराशी लागलं. पहिला भारतीय अंतराळात पोचला त्या दाराशी आठवडाभर आधी सामानाचं यान उभं होतं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यावी, असं मला फार वाटतं.

आता हे यान नेमकं करतं काय? प्रोग्रेसचंच उदाहरण घेऊ, कारण सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ ते घराणं चालू आहे. वजन सात टनांच्या आसपास, नेतं अडीच टनांपर्यंत. त्याचे तीन भाग. एका भागात हवा भरलेली असते. तिथे अन्नाचे डबे, कपडे, सुटे भाग, प्रयोगांची उपकरणं असतात. मधल्या भागात इंधनाच्या टाक्या. मागच्या भागात यानाची स्वतःची इंजिनं आणि यंत्रणा. इंधन नळ्यांमधून थेट स्थानकाच्या टाक्यांत जातं. कोणाला हात लावावा लागत नाही. शिवाय यान जोडलेलं असेपर्यंत त्याची इंजिनं पेटवून अख्खं स्थानक वर ढकलता येतं. चारशे किलोमीटर उंचीवरसुद्धा वातावरणाचा विरळ अंश असतोच, आणि त्याच्या घर्षणानं आंतरराष्ट्रीय स्थानक महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली घसरतं. वेळोवेळी हा धक्का दिला नाही, तर त्याचं स्कायलॅब व्हायला फार वर्षं लागणार नाहीत. सामान उतरलं की त्याच यानात कचरा भरतात आणि दक्षिण प्रशांत महासागरावर, वस्तीपासून दूर, ते जाळून टाकतात. बहुतेक मालवाहू यानांचा शेवट असाच होतो. मोठ्या प्रमाणात सामान परत खाली आणणारं यान आजच्या घडीला एकच आहे, स्पेसएक्सचं ड्रॅगन. रक्ताचे नमुने, बिघडलेला पंप, वर वाढवलेले स्फटिक, हे सगळं त्यातून समुद्रात उतरतं.

स्थानकापर्यंत पोचण्याची रीत ऐकायला विलक्षण आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. समजा, यान स्थानकाच्या मागे, त्याच कक्षेत आहे. गाठायचं म्हणून इंजिन पेटवून वेग वाढवला, तर काय होईल? यान उंच कक्षेत चढेल. उंच कक्षेतली फेरी लांब आणि संथ. म्हणजे ते आणखी मागे पडेल! पुढच्याला गाठायचं तर आधी खालच्या कक्षेत राहायचं, तिथे फेरी लवकर पुरी होते, आणि अंतर कमी झालं की हळूहळू वर चढायचं. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ च्या अंतराळवीरांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला आणि सरळ त्याच्या दिशेनं इंजिन पेटवलं. तो टप्पा दूर जात राहिला, इंधन संपत आलं, शेवटी नाद सोडावा लागला. आज गणित इतकं पक्कं झालं आहे की प्रोग्रेस कधी कधी साडेतीन तासांच्या आत स्थानक गाठतं. चीनच्या तियानचौ-५ नं नोव्हेंबर २०२२ मध्ये २ तास ७ मिनिटांत जोडणी केली.

शेवटचे काही मीटर मात्र सगळ्यांनाच सावकाश जावं लागतं. दोघांचाही पृथ्वीभोवतीचा वेग ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या घरात, आणि एकमेकांच्या दृष्टीनं वेग सेकंदाला काही सेंटिमीटर. इथे चूक झाली तर काय होतं, ते २५ जून १९९७ रोजी मीर स्थानकानं पाहिलं. प्रोग्रेस एम-३४ हातानं चालवून आणायची चाचणी सुरू होती. यानाचा वेग वेळेत आवरला नाही आणि ते स्पेक्त्र या मॉड्यूलवर आदळलं. हवा गळू लागली. आतल्या तिघांनी, त्सिब्लियेव, लाझुत्किन आणि फोल यांनी, दारातून जाणाऱ्या केबली तोडून ते मॉड्यूल बंद केलं आणि स्थानक वाचवलं. सात टनांची वस्तू माणसं राहत असलेल्या घराच्या भिंतीशी आणून लावायची, हे काम रॉकेट उडवण्याइतकंच अवघड आहे.

मग मालवाहू यानांवरचा हा भार कमी करता येतो का? येतो. ते समजायला आपल्याला वसई-विरारजवळच्या अर्नाळ्यापलीकडे जायची गरज नाही. किनाऱ्यासमोरच्या त्या बेटावर किल्ला आहे, देवळं आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कोळ्यांची वस्ती आहे. पूल नाही. जे लागेल ते होडीनं न्यायचं, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की होडीलाही थांबावं लागतं. तरीही तिथे वस्ती टिकली, कारण चारी बाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याचं अष्टकोनी टाकं आहे. रोजचं पाणी होडीनं न्यावं लागलं असतं, तर ते बेट कधीच ओस पडलं असतं.

आंतरराष्ट्रीय स्थानकानं हेच टाकं यंत्रांनी बांधलं आहे. तिथे श्वासातली वाफ, घाम आणि मूत्र यांतून पाणी परत मिळवतात, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या विभागात हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोचलं. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो; तोही पाण्याचं विघटन करूनच तयार होतो. हे पाणी दर वेळी खालून न्यायचं ठरवलं असतं, तर यानांतली बरीचशी जागा पाण्यानंच भरली असती. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या वसई-विरारकरांना याचं मोल मी वेगळं सांगायला नको.

पण यंत्र म्हटलं की ते बिघडणारच. मे २०२४ च्या अखेरीस स्थानकावरचा मूत्रशुद्धीकरणाचा एक पंप बंद पडला. लगेच जाणारं यान होतं स्टारलायनर, सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना नेणारं. नवा पंप त्यात चढवायचा तर वजनासाठी जागा हवी होती, म्हणून त्या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या. आठवडाभराचाच तर मुक्काम होता. तो मुक्काम २८६ दिवसांचा झाला हे आपल्याला माहीत आहे. त्यांचे कपडे ऑगस्टमध्ये सिग्नस या मालवाहू यानातून पोचले. सुनीताताईंच्या सुटकेच्या बातम्या आपल्याकडे घरोघरी पाहिल्या गेल्या; त्यांना बदलायचे कपडे कोणी नेऊन दिले, याची बातमी कुठल्या तरी कोपऱ्यात राहिली.

सिग्नसचा विषय निघालाच आहे तर कल्पना चावलांबद्दल बोलायलाच हवं. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया हे शटल कोसळलं, त्या आणि त्यांचे सहा सहकारी गेले. त्यानंतर जुलै २००५ पर्यंत एकही शटल उडालं नाही. आंतरराष्ट्रीय स्थानक तेव्हा अर्धवट बांधलेलं होतं. बंद करून सोडून द्यायचं का, हा प्रश्न खराखुरा होता. वर राहणाऱ्यांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि प्रोग्रेसच्या फेऱ्यांवर स्थानक जिवंत ठेवलं. म्हणजे त्या दुःखद काळात रसदीची सगळी मदार माणसाविना जाणाऱ्या यानांवर होती. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये सुटलेल्या एका सिग्नसला 'एस. एस. कल्पना चावला' हे नाव दिलं गेलं. त्यात साडेतीन टनांहून अधिक सामान होतं आणि त्यात स्थानकासाठी नवं शौचालय होतं, महिला अंतराळवीरांच्या सोयीचा विचार करून घडवलेलं. त्यांच्या नावाला याहून योग्य यान मला सुचत नाही. पुढच्या माणसांचं वर राहणं थोडं सुखाचं व्हावं, म्हणून ते गेलं.

एकाच प्रकारच्या यानावर विसंबणं किती धोक्याचं, याचाही दाखला आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सिग्नस नेणारं अँटारिस रॉकेट उडताक्षणी कोसळलं. एप्रिल २०१५ मध्ये प्रोग्रेस गिरक्या घेत राहिलं आणि वाया गेलं. २८ जून २०१५ ला ड्रॅगन नेणारं फाल्कन-९ आकाशातच फुटलं. आठ महिन्यांत तीन यानं, तीन वेगवेगळी कारणं. साठा होता म्हणून कोणी उपाशी राहिलं नाही. जुलैत नवं प्रोग्रेस आणि ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी पोचलं. चार प्रकारच्या यानांच्या चार वाटा होत्या म्हणून निभावलं. एकच वाट असती, तर त्या वर्षी स्थानक रिकामं करायची वेळ आली असती.

आता आपल्याकडे वळू. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० नं अंतराळातल्या जोडणीच्या प्रयोगाचे, म्हणजे स्पेडेक्सचे, दोन उपग्रह सोडले, प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे. जोडणी आधी ७ जानेवारीला ठरली होती, मग ९ ला, मग पुढे ढकलली गेली. १२ जानेवारीला ते एकमेकांपासून ३ मीटरपर्यंत आले आणि मुद्दाम मागे नेले. १६ जानेवारीला जोडले गेले. अशी जोडणी करणारा भारत चौथा देश ठरला. १३ मार्चला ते सुटे केले, २० एप्रिलला पुन्हा जोडले, आणि एकातून दुसऱ्यात वीजही पाठवून पाहिली. त्या जानेवारीत तारखा पुढे जात होत्या तेव्हा काही जण वैतागले होते. मला उलट फार बरं वाटत होतं. तीन मीटरवर येऊन मागे फिरण्याची ज्यांची तयारी असते, त्यांच्याच हाती माणसं राहत असलेल्या घराचं दार द्यावं.

इथून मालवाहू यानापर्यंतची वाट बरीच लांब आहे. २२० किलोंच्या जागी अनेक टन, दोन उपग्रहांच्या जागी आत माणसं असलेलं स्थानक, इंधनाची न गळणारी जोडणी, आणि वर्षातून अनेकदा, ठरल्या वेळी, न चुकता. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की पहिल्या मॉड्यूलइतकाच पैसा, तितकीच माणसं आणि तितकीच चर्चा या यानाच्या वाट्याला आली पाहिजे. आणि पहिल्या दिवसापासून निदान दोन वेगळ्या वाटा असाव्यात, त्यातली एक मित्रदेशाची असली तरी चालेल.

यात महाराष्ट्राचा वाटा आधीपासून आहे. वसंत गोवारीकरांनी थुंब्यात घन इंधनाचा पाया घातला. १९८० मध्ये एसएलव्ही-३ यशस्वी झालं तेव्हा ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. आपल्या मोठ्या रॉकेटची विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजमध्ये घडतात. घन इंधनाच्या भल्यामोठ्या नळकांड्यांचे भाग पवईत आणि वालचंदनगरला बनतात. इथून पहाटेची लोकल पकडून मुंबईतल्या कारखान्यांत जाणारे फिटर आणि वेल्डर कितीतरी आहेत. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत अचूक काम करणारी यंत्रं आहेत, आणि ती चालवणारी हुशार मुलं आहेत. मालवाहू यान एकदाच बांधून भागत नाही. ते जळून जातं आणि पुढचं लागतं. म्हणजे तेच कडं, तीच खिटी, तेच सील, दरवर्षी, ठरलेल्या मापात फरक न पडू देता. हे छोट्या कारखान्यांना झेपणारं आणि त्यांना जगवणारं काम आहे. इथल्या उद्योजकांनी त्या निविदांवर आजपासून नजर ठेवावी.

आणि शेतकऱ्यांसाठीही यात काम आहे. स्पेडेक्स नेणाऱ्या त्याच रॉकेटच्या वरच्या टप्प्यात, पोएम-४ मध्ये, इस्रोनं चवळीच्या आठ बिया ठेवल्या होत्या. चार दिवसांत त्या रुजल्या आणि पुढे त्यांना पानं फुटली. त्याच टप्प्यावर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींवरचा प्रयोग होता. २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकावर मूग आणि मेथी रुजवली. पानं वर पिकली, तर तितकं वजन यानात न्यावं लागणार नाही. त्याहून मोठं म्हणजे महिनोन्‌महिने डबाबंद खाणाऱ्या माणसाला ताजं हिरवं मिळेल. आता प्रश्न असे आहेत: कोणती भाजी कमीत कमी पाण्यात, तळहाताएवढ्या मातीत, खुडल्यावर पुन्हा पुन्हा फुटते? मुळाशी पाणी साचलं तर कोणती तग धरते? बंद जागेत बुरशी कोणत्या पानाला लवकर लागते? प्रयोगशाळा याची उत्तरं शोधत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला भाजी पुरवणाऱ्या वसईच्या वाड्यांमध्ये यातली काही उत्तरं आधीच असतील. कृषी महाविद्यालयात जाणारी मुलं व्याख्यानानंतर इथे थांबणार असतील, तर मला त्यांच्याशी मेथीबद्दल बोलायचं आहे.